फ्रेंच क्रियापद अवयव पाडून कसं वाचावं: ‘आप्ले’ या क्रियापदावर पायरीपायरीने

फ्रेंच शिकताना पहिल्याच दिवशी ‘माझं नाव अमुक’ हे वाक्य येतं, आणि त्यात ‘आप्ले’ (हाक मारणे, बोलावणे) हे क्रियापद असतं. तरीही वर्षभर शिकलेले विद्यार्थी त्याची ‘आम्ही’, ‘तुम्ही’, ‘ते’ यांची रूपं चुकीची उच्चारतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं. पानावर दिसणाऱ्या शब्दाचे आधी तुकडे पाडले जातात आणि मग ते तुकडे वाचले जातात. फ्रेंचमध्ये हा क्रम उलटा चालतो. आधी मुकी अक्षरं छाटायची, मग सर्वनाम जोडायचं आणि सगळ्यात शेवटी अवयव पाडायचे. या लेखात प्रत्येक पायरी याच क्रमाने आहे, तो बदलू नका.

या लेखात ‘अवयव’ म्हणजे एका झटक्यात तोंडातून निघणारा तुकडा, ज्यात बरोबर एक स्वर असतो. ‘अक्षर’ म्हणजे रोमन लिपीतलं ए, बी, सी. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचं सगळं बिघडतं.

पूर्वतयारी: वही, फोन आणि खुणा

वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात सर्वनामासकट लिखित रूप, दुसऱ्यात छाटणी केलेलं रूप आणि तिसऱ्यात अवयव पाडलेला देवनागरी उच्चार. फोनचा रेकॉर्डर हाताशी ठेवा. एका बैठकीत एकच काळ घ्या.

देवनागरीत लिहिताना खुणा ठरवून घ्या, नाहीतर आठवड्याने स्वतःचंच लिखाण वाचता येणार नाही.

पाय मोडलेलं व्यंजन (ल्, प्) म्हणजे पुढे स्वर नाही. पाय न मोडलेलं व्यंजन (प, ल) म्हणजे त्यात ‘अ’ ऐकू येतो. मराठीत आपण ‘घर’ लिहून ‘घर्’ म्हणतो, इथे ती सवलत नाही.

‘ए’ची मात्रा म्हणजे ओठ ताणलेला, मिटता स्वर. ‘ॅ’ म्हणजे त्याहून उघडा स्वर, पण ‘बॅट’मध्ये जबडा जितका उघडतो तितका नाही.

चंद्रबिंदू म्हणजे स्वर नाकातून, त्यानंतर ‘न्’ नाही.

‘ज़’ हा ‘झेब्रा’ या इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा घासून निघणारा ध्वनी आहे. ‘जाणे’मधला ज हा नव्हे, कारण त्याच्या आधी द चिकटलेला असतो. ‘झ़’ हा इंग्रजी ‘ट्रेझर’ किंवा ‘मेझर’च्या मधला ध्वनी.

‘त्यु’ (तू) असं लिहिण्याची पद्धत आहे, पण त्यात ‘य’ नाही. जीभ ‘ई’च्या जागी ठेवा, ओठ ‘ऊ’सारखे गोल करा आणि ‘त’ जोडा.

तपासणी: ‘ज़’ आणि ‘झ़’ श्वास संपेपर्यंत लांबवता आले पाहिजेत. मराठी ‘ज’ लांबवता येत नाही. लांबवताना आवाज तुटला तर तुमचा ध्वनी अजून मराठीच आहे.

त, द आणि प यांची चिंता नको. फ्रेंचमधले हे ध्वनी मराठीसारखेच काढायचे असतात: त आणि द दातांवर जीभ टेकवून, प ओठ मिटून, आणि तिन्ही हवेचा झोत न सोडता. इंग्रजीच्या सवयीने ‘ट’ आणि ‘ड’ मात्र आणू नका.

पायरी १: शेपटी छाटा

आधी क्रियापदाच्या शेवटची अक्षरं बघा. ‘आप्ले’च्या गटातल्या क्रियापदांना वर्तमानकाळात सहा शेपट्या लागतात. मी: ई. तू: ई-एस. तो किंवा ती: ई. आम्ही: ओ-एन-एस. तुम्ही: ई-झेड. ते: ई-एन-टी. यातल्या चार पूर्ण मुक्या आहेत. ऐकू येतात फक्त दोन: आम्हीची शेपटी ‘ओँ’ आणि तुम्हीची ‘ए’.

सर्वाधिक चुका ‘ते’च्या ई-एन-टी या शेपटीवर होतात. नामात आणि क्रियाविशेषणात हीच तीन अक्षरं ‘आँ’ अशी वाजतात, म्हणून विद्यार्थी ‘ते बोलतात’ला ‘इल् पार्लाँ’ म्हणतात. बरोबर उच्चार ‘इल् पार्ल्’. सी-ओ-यू-व्ही-ई-एन-टी हा शब्द नाम असेल तर ‘कू-व्हाँ’ (मठ), आणि ‘त्या अंडी उबवतात’ या अर्थाचं क्रियापद असेल तर नुसतं ‘कूव्ह्’. लिखाण तंतोतंत एक, अवयव दोन आणि एक.

सावधान: ‘ते’ या अनेकवचनी रूपातच ई-एन-टी मुकं असतं. ‘तो खोटं बोलतो’ हे ‘इल् माँ’ आहे. तिथे ई आणि एन धातूचे असल्यामुळे ते वाजतात. ‘तो येतो’चं ‘इल् व्यँ’ हेही एकवचन आहे, त्याचं अनेकवचन ‘इल् व्यॅन्’. म्हणून छाटण्याआधी वचन बघा.

अपूर्ण भूतकाळात ए-आय-एस, ए-आय-टी आणि ए-आय-ई-एन-टी या सगळ्या शेपट्यांचा एकच उघडा ‘ॅ’ होतो. पाच अक्षरांची शेपटी, पण स्वर एकच. भविष्यकाळात ‘ते’ची शेपटी ओ-एन-टी असते आणि ती ‘ओँ’ अशी वाजते. ई-एन-टी आणि ओ-एन-टी वहीत वेगवेगळ्या रंगांनी लिहा. मराठीने १९६२ च्या लेखननियमांत न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. फ्रेंचने क्रियापदांची मुकी शेपटी जपून ठेवली आहे, त्यामुळे ती ओळखण्याचं काम वाचणाऱ्याला करावं लागतं.

पायरी २: मधला ‘ई’ राहतो की गळतो

‘आप्ले’ची (लिखाण ए-पी-पी-ई-एल-ई-आर) खरी अडचण धातूच्या मधल्या ई या अक्षरात आहे. त्याच्यापुढे एल किती आहेत, ते मोजा.

दोन एल असतील तर ई उघडा आणि स्पष्ट वाजतो: ‘पॅल्’. एकच एल असेल तर तो ओठ किंचित गोल केलेला पुसट ‘अ’ असतो, आणि शक्य असेल तेव्हा गळतो. दुहेरी एल म्हणजे एलवर जोर, असा समज घट्ट रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. दुहेरी एल आधीच्या स्वराची खबर देतो, स्वतः एकदाच वाजतो. दुहेरी पीही तसाच एक ‘प’ आहे. मराठीतल्या ‘अप्पा’सारखी त्यावर थांबू नका.

‘अ’ कधी गळतो? त्याच्या आधी एकच उच्चारित व्यंजन असेल तर गळतो. दोन असतील तर राहतो, कारण नाहीतर तीन व्यंजनं एकमेकांवर आदळतात. ‘आम्ही बोलावतो’मध्ये ‘अ’च्या आधी फक्त प आहे, म्हणून तो गळतो: आ-प्लोँ. ‘आम्ही बोलू’ या भविष्यकाळी रूपात र आणि ल असे दोन ध्वनी आधी आहेत, म्हणून तो राहतो: पार्-ल-रोँ. ‘आम्ही देऊ’मध्ये आधी एकटा न आहे: दॉन्-रोँ.

हे मराठी जिभेला नवीन नाही. आपण ‘करतो’ लिहितो आणि ‘कर्तो’ म्हणतो. ‘शिकवतो’मध्ये मात्र व मधला ‘अ’ गाळून क मधला ठेवतो, कारण दोन्ही गाळले तर क्, व्, त् एकत्र येऊन शब्द म्हणता येणार नाही. फ्रेंचमध्येही हाच हिशेब चालतो. नियम पाठ करत बसण्यापेक्षा ‘शिकवतो’ आठवा.

आता एक सापळा. अपूर्ण भूतकाळात ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्या शेपट्या आय या अक्षराने सुरू होतात, आणि तिथे ‘य’ येतो. ‘अ’च्या आधी एकच प असूनही तो गाळता येत नाही, कारण गाळला तर प्, ल्, य् एका ओळीत येतात. म्हणून ‘आम्ही बोलावत होतो’ हे आ-प-ल्योँ, तीन अवयव. ‘मी बोलावत होतो’ मात्र आ-प्लॅ, दोन. एकाच काळात, एकाच धातूत ‘अ’ एका रूपात गळतो आणि दुसऱ्यात टिकतो, हे लक्षात न आल्यामुळे चांगले विद्यार्थीही इथे अडखळतात. संकेतार्थी रूपातही तेच: ‘आम्ही बोलावलं असतं’ अशा छटेचं रूप आ-पॅ-ल-ऱ्योँ, पण भविष्यकाळी आ-पॅल्-रोँ.

तपासणी: दुसऱ्या रकान्यात गळलेल्या ई-वर काट मारा आणि टिकलेल्या ई-भोवती गोल करा. ज्या ई-वर यातली एकही खूण नाही, तो तुम्ही अजून ठरवलेला नाही.

तूलूझ किंवा मार्सेयकडची माणसं हा ‘अ’ पुष्कळदा ठेवतात: आ-प-लोँ. ती त्यांची बोली आहे, चूक नव्हे. गाण्यांत आणि छंदोबद्ध कवितेतही एरवी मुका असलेला ई अनेकदा अवयव म्हणून मोजला जातो, म्हणून गाण्यावरून क्रियापदाचे अवयव शिकू नका.

पायरी ३: सर्वनाम जोडा

क्रियापद एकटं वाचायचंच नाही. फ्रेंच सर्वनाम आणि क्रियापद मिळून एकच उच्चारगट होतो, आणि अवयव त्या पूर्ण गटाचे पडतात.

‘आप्ले’ स्वराने सुरू होतं, म्हणून तीन गोष्टी घडतात. पहिली: ‘मी’च्या सर्वनामातला ई लिहितानाच जातो आणि झ़ थेट क्रियापदाला चिकटतो: झ़ा-पॅल्. दुसरी: ‘तो’च्या सर्वनामातला ल् पुढच्या अवयवात सरकतो: इ-ला-पॅल्. तिसरी: ‘आम्ही’, ‘तुम्ही’ आणि ‘ते’ यांच्या सर्वनामांतला एरवी मुका एस जागा होतो आणि ‘ज़’ म्हणून पुढच्या अवयवाच्या तोंडाशी बसतो: नू-ज़ा-प्लोँ, व्हू-ज़ा-प्ले, इल्-ज़ा-पॅल्.

‘तो बोलावतो’ आणि ‘ते बोलावतात’ यांत क्रियापदाचा उच्चार सारखाच आहे. फरक फक्त त्या एका ‘ज़’चा: इ-ला-पॅल्, इल्-ज़ा-पॅल्. तो गाळला तर अनेकवचन ऐकूच जात नाही. व्यंजनाने सुरू होणाऱ्या ‘पार्ले’ला तर एवढीही खूण नाही. तिथे ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ कानाला अगदी एक, आणि अर्थ संदर्भावरूनच ठरतो.

‘ज़’ मागच्या शब्दाला चिकटवून थांबणं ही मोठी चूक आहे. ‘नूज़, आप्लोँ’ नव्हे. ‘नू’वर अवयव संपतो आणि ‘ज़ा’पासून नवा सुरू होतो. दुसरी चूक म्हणजे ‘ज़’च्या जागी ‘स’. ती संयुक्त भूतकाळात महागात पडते. ‘इल्-ज़ोँ’ म्हणजे ‘त्यांच्याकडे आहे’ किंवा ‘त्यांनी … केलं’, आणि ‘इल्-सोँ’ म्हणजे ‘ते आहेत’. ‘त्यांनी बोलावलं’ म्हणताना ‘स’ निघाला तर अर्थ ‘त्यांना बोलावलं जातं’कडे सरकतो.

रोजच्या बोलण्यात फ्रेंच लोक ‘आम्ही’साठी ‘नू’ऐवजी ‘ओँ’ हे सर्वनाम फार वापरतात, आणि क्रियापद ‘तो’सारखं चालवतात. तिथे जोडताना न् जागा होतो: ओँ-ना-पॅल्. ‘ओँ’ स्वतः अनुनासिकच राहतो, न् पुढच्या अवयवात जातो.

सावधान: एच या अक्षराने सुरू होणारी क्रियापदं दोन प्रकारची असतात. ‘राहणे’ या अर्थाच्या ‘आबीते’मध्ये जोड होते: नू-ज़ा-बी-तोँ. ‘द्वेष करणे’ या अर्थाच्या ‘आईर’मध्ये होत नाही: नू-आ-ई-सोँ. एच दोन्हीकडे मुकाच. शब्दकोशात दुसऱ्या प्रकाराच्या शब्दांवर बहुधा तारा किंवा तशी खूण असते. नवीन क्रियापद घेताना ती आधी बघा.

प्रश्नार्थक उलट्या रचनेत (क्रियापद आधी, सर्वनाम नंतर), छाटलेल्या ई-एन-टी शेपटीतला टी परत जागा होतो. ‘ते बोलावतात का?’ हे आ-पॅल्-तिल्. ‘तो बोलावतो का?’ यातही मध्ये टी घालतात, म्हणून तोही आ-पॅल्-तिल्.

पायरी ४: आता अवयव पाडा

इथवर आलात की हे काम सोपं आहे. जितके ऐकू येणारे स्वर, तितके अवयव. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं. दोन असतील आणि दुसरं ल किंवा र असून आधीचं प, ब, त, द, क, ग, फ, व्ह यांपैकी असेल, तर जोडी अखंड पुढे जाते: आ-प्लोँ, मोँ-त्रोँ. इतर जोड्या मधोमध तुटतात: पार्-लोँ, पॅल्-रोँ.

अशी अखंड जोडी आय या अक्षराआधी आली तर आय नुसता ‘य’ होत नाही, पूर्ण ‘ई’ राहतो. ‘आम्ही दाखवत होतो’ हे मोँ-त्री-योँ, तीन अवयव.

ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचा लिखित नियम वेगळा आहे. तिथे दुहेरी व्यंजनाच्या मधून तोडतात, म्हणजे ए-पी नंतर रेघ आणि पुढच्या ओळीवर दुसरा पी. लिहिण्यापुरतं ते बरोबर आहे. उच्चारासाठी वापरलं की ‘आप्-प-लोँ’ असा जड शब्द तयार होतो.

तिसऱ्या रकान्यात शेवटी हे दिसलं पाहिजे.

वर्तमानकाळ: झ़ा-पॅल्, त्यु-आ-पॅल्, इ-ला-पॅल्, नू-ज़ा-प्लोँ, व्हू-ज़ा-प्ले, इल्-ज़ा-पॅल्.

अपूर्ण भूतकाळ: झ़ा-प्लॅ, त्यु-आ-प्लॅ, इ-ला-प्लॅ, नू-ज़ा-प-ल्योँ, व्हू-ज़ा-प-ल्ये, इल्-ज़ा-प्लॅ.

भविष्यकाळ: झ़ा-पॅल्-रे, त्यु-आ-पॅल्-रा, इ-ला-पॅल्-रा, नू-ज़ा-पॅल्-रोँ, व्हू-ज़ा-पॅल्-रे, इल्-ज़ा-पॅल्-रोँ.

संकेतार्थ: झ़ा-पॅल्-रॅ, त्यु-आ-पॅल्-रॅ, इ-ला-पॅल्-रॅ, नू-ज़ा-पॅ-ल-ऱ्योँ, व्हू-ज़ा-पॅ-ल-ऱ्ये, इल्-ज़ा-पॅल्-रॅ.

भविष्यकाळातला मिटता ‘रे’ आणि संकेतार्थातला उघडा ‘रॅ’ हा फरक आज फ्रान्समधले अनेक जण पाळत नाहीत. शिकताना मात्र पाळा, म्हणजे लिहितानाही एस विसरणार नाही.

पायरी ५: तोंडात बसवणं

प्रत्येक अवयवाला सारखा वेळ द्या आणि शेवटचा किंचित लांबवा. टेबलावर बोटाने ठोका देत म्हणा. नू-ज़ा-प्लोँला तीन ठोके, चौथा पडला तर कुठेतरी ‘अ’ घुसला आहे.

तो बहुधा ‘पॅल्-रोँ’मध्ये घुसतो आणि ‘पॅ-ल-रोँ’ होतो. कारण यांत्रिक आहे. ल साठी जिभेचं टोक वर दातांमागे असतं, आणि फ्रेंच र घशाजवळ, पडजिभेपाशी घासून निघतो. मराठी र च्या सवयीने टोक वरच राहून फडफडतं आणि मध्ये ‘अ’ निसटतो. उपाय असा: ल् लांबवून धरा, टोक खालच्या दातांमागे सोडा, ते तिथेच ठेवून जिभेचा मागचा भाग उचला. सुरुवातीला एकेका सेकंदाच्या अंतराने दहा वेळा करा, मग जवळ आणा.

‘ओँ’साठीची तपासणी: स्वर तीन सेकंद धरून एकदम थांबा. थांबताना जीभ दाताला किंवा टाळूला लागली तर तुम्ही ‘ओन्’ किंवा ‘ओङ्’ म्हटलं. कोकणी बोलणाऱ्यांना ‘तें’, ‘बरें’ यांतला नाकातला स्वर घरचाच असतो. प्रमाण मराठीवर वाढलेल्यांनी या एका स्वराला वेळ द्यावा.

मग सहाही रूपं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी वही न बघता ऐका. ऐकून कोणतं सर्वनाम आहे ते लिहा. ‘इ-ला’ आणि ‘इल्-ज़ा’ ओळखता येत नसतील तर पायरी ३ वर परत जा. ‘प्ले’ आणि ‘प्लॅ’ ओळखता येत नसतील तर दोष जबड्याचा आहे, नियमांचा नाही.

हीच रीत दुसऱ्या क्रियापदाला

‘आश्ते’ (विकत घेणे) घेऊन बघा. इथे ई-पुढचा टी दुहेरी होत नाही, त्याऐवजी ई-वर डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी खूण येते. काम तेच, स्वर उघडा: झ़ा-शॅत्. ‘आम्ही’मध्ये ‘अ’ गळतो, पण श आणि त ही जोडी अखंड पुढे जाणारी नाही. म्हणून नू-ज़ा-श्तोँ असं न तुटता नू-ज़ाश्-तोँ असं तुटतं. अपूर्ण भूतकाळात ‘आम्ही’ला नू-ज़ाश्-त्योँ. इथे य येऊनही ‘अ’ परत येत नाही, कारण श आधीच्या अवयवात गेल्यामुळे त् आणि य् दोघेच उरतात आणि ते सहज म्हणता येतात. ‘आप्ले’तला प असा मागे सरकत नाही, तो ल ला चिकटून राहतो. म्हणून तिथे ‘अ’ लागतो आणि इथे लागत नाही.